पाच नखांचा ड्रॅगन आणि पालथा वाडगा



व्याख्यानमालेच्या चालकांना आम्ही 'जुनी चिनी भांडी' असा विषय कळवला, तेव्हा त्यांचे उत्तर यायला नेहमीपेक्षा आठ दिवस अधिक लागले. त्यात त्यांचा दोष नाही. ज्या व्यासपीठावर देशाच्या अर्थकारणाची चर्चा होते आणि संतवाङ्मयावर निरूपण होते, तेथे बशा आणि वाडगे घेऊन कोणी उभा राहणार म्हटल्यावर कोणीही विचारात पडेल. पण आता आलोच आहोत, आणि रिकाम्या हाताने आलेलो नाही. या टेबलावर रुमालाखाली एक वाडगा झाकून ठेवला आहे. पिवळ्या रंगावर हिरवे ड्रॅगन असलेला. तो कोणाचा, केव्हाचा आणि आमच्याकडे कसा आला हे सांगण्यापूर्वी थोडी वाट चालावी लागेल.

चिनी माती म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लोणच्याची बरणी उभी राहते. वरचा गळा तपकिरी, खालचे अंग पांढरट. नाव चिनी मातीची, पण जात निराळी. ती दणकट आहे, झिरपत नाही, आंबटाला दाद देत नाही. मात्र दिव्यापुढे धरली तर पलीकडचा उजेड दिसायचा नाही. खऱ्या पोर्सेलीनचा पातळ वाडगा दिव्यापुढे धरा आणि मागे बोट लावा, बोटाची सावली आतून दिसते. टिचकी मारली तर घंटेसारखा नाद निघतो. हे साधते ते दोन द्रव्यांमुळे. एक काओलिंग नावाच्या टेकडीवरून नाव पडलेली पांढरी माती, आणि दुसरा एक प्रकारचा दगड, कुटून पीठ केलेला. सुमारे तेराशे अंश उष्णतेत दगड वितळून काचेसारखा होतो आणि माती त्याला आकार सोडू देत नाही. तेथले कारागीर मातीला हाड म्हणत आणि दगडाला मांस. दान्त्रकोल नावाच्या एका फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७१२ आणि १७२२ साली स्वदेशी धाडलेल्या दोन लांबलचक पत्रांत हे सारे लिहून ठेवले आहे. गंमत अशी की युरोपातले राजे ज्या गुपितासाठी पैसा ओतत होते, ते या गृहस्थाने धर्मप्रसार करता करता भट्टीवाल्यांच्या घरी बसून टिपून घेतले.

ते गाव म्हणजे चिंगदेचेन. दक्षिण चीनमधल्या च्यांगशी प्रांतात, नदीकाठी. मिंग आणि चिंग या दोन घराण्यांच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकापासून १९११ च्या क्रांतीपर्यंत, बादशहाची भांडी येथल्या सरकारी भट्टीतून जात. १६३७ साली सुंग यिंगशिंग या चिनी ग्रंथकाराने उद्योगधंद्यांवर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो की एक भांडे पुरे होईपर्यंत बहात्तर हातांखालून जाते. एक माणूस फक्त माती मळतो, दुसरा चाकावर बसतो, तिसरा बूड तासतो, चौथा कडेची रेघ तेवढी ओढतो. ज्या भांड्यावर कोणा एकाची सही शोधावी, ते असे गावभर फिरून आलेले असते. सही असते ती बादशहाच्या कारकीर्दीची.

आता रंगांकडे वळू, कारण आमचा जीव मुळात तेथे अडकला. निळा रंग कोबाल्टचा; तो झिलईखाली काढतात आणि तो मोठी आग निमूटपणे सोसतो. इतर रंग असे समजूतदार नाहीत. तांब्याचे पाहा. मोठ्या आगीत, भट्टीत हवा कमी ठेवून धूर कोंडला, तर तांबे लाल उतरते. तेच तांबे शिशाच्या झिलईत घालून मंद आगीत, मोकळ्या हवेत भाजले तर हिरवे होते. म्हणजे लाल वाडगा आणि हिरवा ड्रॅगन हे एकाच आईचे लेक, वाढले निराळ्या घरी एवढेच. लालाचा लहरीपणा तर विचारू नका. आग थोडी चढली की रंग उडून जातो, हवा थोडी अधिक झाली की करडा पडतो. श्वानदे बादशहाच्या काळी, १४२६ ते १४३५ या दहा वर्षांत, हा लाल फार उत्तम साधला होता. पुढे ती विद्या हरवली, आणि सोळाव्या शतकात लोखंडाच्या लालावर वेळ मारून न्यावी लागली. दीडदोनशे वर्षांनी कांगशी बादशहाच्या अमदानीत लांग तिंगची हा च्यांगशी प्रांताचा सुभेदार असताना तांब्याचा लाल पुन्हा हाती लागला. आजही त्या रंगाला त्याच्या नावाने लांग भट्टीचा लाल म्हणतात. सुभेदारांची नावे रस्त्यांना देतात हे आपण पाहतो. रंगाला दिलेले नाव अधिक टिकले असे दिसते.

पिवळा रंग लोखंडाचा, जांभळा मँगनीजचा. हे दोन आणि तांब्याचा हिरवा, तिन्ही मंद आगीचे. म्हणून आमच्या वाडग्यासारखे भांडे दोनदा भाजावे लागते. कच्च्या अंगावर अणकुचीदार काडीने ड्रॅगन कोरायचा, मोठ्या आगीत अंग पक्के करायचे, मग कोरलेल्या रेघांच्या आत हिरवा आणि बाहेर पिवळा भरून साडेआठशे अंशांच्या आसपास पुन्हा भाजायचे. खऱ्या जुन्या भांड्यात रेघ कोठे खोल, कोठे उथळ असते, आणि खोल जागी झिलई साचून रंग गडद झालेला असतो. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा. ती पुढे आमच्यावरच उलटायची आहे.

आणि ड्रॅगन? आपण त्याला राक्षस समजतो, कारण आपण त्याला इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांत पाहिले. चिनी ड्रॅगन पाण्याचा आणि पावसाचा स्वामी आहे, ढगांत राहतो, मोत्यामागे धावतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो आपल्या इंद्राच्या खात्यातला. पण बादशहाने त्याला दरबारात आणले आणि त्याची नखे मोजायला सुरुवात केली. पाच नखांचा ड्रॅगन बादशहाचा. चार नखांचा सरदार-दरकदारांचा, आणि त्याला नावसुद्धा निराळे, 'मांग'. नियम सदैव काटेकोर पाळला गेला असे नव्हे; सवलती मिळत आणि चोरूनही काम होत असे. तरीही दहशत खरी होती. राजवाड्याबाहेर पडलेली अशी मिंगकालीन भांडी सापडतात, ज्यांवर ड्रॅगनच्या प्रत्येक पंजाचे पाचवे नख घासून काढले आहे. ज्याच्या घरी ते भांडे होते, त्याला ते जवळ हवे होते आणि मानही शाबूत हवी होती.

रंगांचेही असेच. १५३० साली ज्याजिंग बादशहाने यज्ञवेदींची भांडी ठरवून दिली. आकाशाच्या वेदीवर निळी, पृथ्वीच्या पिवळी, सूर्याच्या तांबडी, चंद्राच्या पांढरी. चिंग काळात हा हिशेब अंतःपुरात शिरला. राजमाता आणि पट्टराणी यांची भांडी आतबाहेर पिवळी. तिच्या खालच्या राणीची बाहेरून पिवळी, पण आतून पांढरी. तिच्या खालच्या दोन पायऱ्यांना पिवळ्यावर हिरवा ड्रॅगन. पुढे निळ्यावर पिवळा, मग हिरव्यावर जांभळा, आणि त्याखालच्या पायरीला रंगीत भांड्यावर तांबडा. कल्पना करा, ताट वाढले गेले की बाईला आपली जागा कळत होती. वाडग्याच्या आतली बाजू पिवळी की पांढरी एवढ्यावरून एखादीचा जन्म सुखात किंवा झुरण्यात जात असेल. आमच्याकडे पंगतीत पाट आणि चांदीच्या वाट्या यांवरून झालेले रुसवे-फुगवे आठवले की हे फार दूरचे वाटत नाही.

तेव्हा या भांड्यांना नुसते सुंदर म्हणून भागत नाही. आमचे म्हणणे असे आहे की रंग आणि ड्रॅगन हे आधी हुकूम होते, मग शोभा. आणि हुकमाची किंमत कोणीतरी मोजत होते. कोण, ते सांगतो.

वानली बादशहाच्या काळी दरबारातून मोठ्या रांजणांची मागणी आली. ड्रॅगन रंगवलेले, माणूस आत बसेल असे रांजण. जाड अंगाचे एवढे भांडे भट्टीत सरळ उभे राहणे कठीण; कोठे तडकते, कोठे बसते, कोठे बूड गळते. दरबारचा पान श्यांग नावाचा खोजा वसुलीला बसला होता, आणि रांजण फुटला की कारागिरांच्या पाठी फुटत. कथा अशी की १५९९ साली तुंग बिन नावाच्या भट्टीवाल्याने सोबत्यांची ही दशा पाहून पेटत्या भट्टीत उडी घेतली. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तेव्हा रांजण अखंड निघाला. लोकांनी त्याला भट्टीचा देव केले आणि देऊळ बांधले.

सव्वाशेहून अधिक वर्षांनी तांग यिंग हा सरकारी भट्टीचा नवा अधिकारी चिंगदेचेनला आला. आमच्या मते हा या साऱ्या इतिहासातला सर्वांत लोभस माणूस. भट्टीतले काही कळत नाही म्हणून त्याने मोठ्या हुद्द्याचा असूनही कारागिरांबरोबर खाण्याझोपण्यात तीन वर्षे घालवली आणि काम शिकून घेतले. या तांग यिंगला देवळाच्या भिंतीशी एक जुना ड्रॅगनचा रांजण टाकून दिलेला दिसला. तोंड शाबूत, अंग शाबूत, बूड मात्र गळून गेलेले. दरबाराच्या दृष्टीने कवडीमोलाचा. त्याने माणसे लावून तो उचलवला, देवळाशी चौथऱ्यावर बसवला आणि त्यावर एक टिपण लिहिले. या रांजणात त्या माणसाचे रक्त-मांस आहे, असा त्याचा भाव. पेकिंगच्या राजवाड्यातले अखंड रांजण आम्हांला कोणी फुकट देऊ केले तरी आमचे मन त्या बिनबुडाच्या रांजणाकडे ओढ घेईल.

फुटक्या भांड्यांची आणखी एक हकीकत याच गावची आहे. सरकारी भट्टीतून निघालेल्या मालात जरा दोष दिसला, रंग किंचित उतरला, ड्रॅगनची शेपूट वाकडी गेली, तर तो माल बाजारात जाऊ नये म्हणून मिंग काळात तेथेच फोडून पुरून टाकीत. १९८० नंतरच्या दशकात त्या गावात रस्त्यांचे खोदकाम निघाले आणि खापऱ्यांचे थरच्या थर वर आले. ल्यू शिनयुआन या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह त्या गोळा करून, एकेक तुकडा जुळवून भांडी उभी केली. जी भांडी बादशहाच्या नजरेलाही पडू नयेत म्हणून फोडली, ती आज संग्रहालयात मानाने बसली आहेत. आणि कोणत्या कारकीर्दीत कोणता रंग, कोणता आकार केला जात होता याचा त्यांच्याइतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. कारण खापरी जेथे पुरली तेथेच सापडली. तिला मधले हात लागलेले नाहीत.

मधले हात! संग्राहकाची खरी अडचण ही आहे. पाच नखांचे भांडे विक्रीसाठी केलेलेच नव्हते. मग ते राजवाड्याबाहेर आले कसे? काही बक्षीस म्हणून मिळाली असतील. काही खोजांनी लांबवली. १९२३ साली पदच्युत बादशहा पू-यी याने जिनसांची मोजदाद करायचे ठरवले आणि थोड्याच दिवसांत कोठाराचा महाल जळून गेला, तेव्हा संशय कोणावर गेला हे सांगायला नको. काही खुद्द राजघराण्याने गहाण टाकली. आणि फार मोठा भाग लुटीचा. ऑक्टोबर १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच सैन्यांनी पेकिंगजवळचा उन्हाळी राजवाडा लुटला, आणि मग लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने तो जाळण्यात आला. त्या मोहिमेत हिंदी पलटणीही होत्या. ज्या अफूच्या व्यापाराने ते युद्ध पेटले, तिच्यातली बरीचशी अफू माळव्यातून येऊन मुंबई बंदरातून चीनला जात होती. तेव्हा हा परक्यांचा इतिहास म्हणून हात झटकण्याची सोय आपल्याला नाही. मुंबईच्या जुन्या वाड्यांतून आणि बंगल्यांतून ज्या चिनी फुलदाण्या दिसतात, त्या मात्र बहुतेक परतीच्या जहाजांनी आलेल्या कँटनच्या विक्रीमालातल्या. त्यांत लूट नाही, सरळ व्यापार आहे. म्हणून कोणाच्या आजीची फुलदाणी असेल तर त्यांनी आज रात्री निर्धास्त झोपावे.

आपल्याकडच्या संग्राहकांचे नाव घ्यायचे तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराब टाटा यांच्या संग्रहांतली चिनी भांडी पाहता येतात. आणि मुंबईतच १८९२ साली जन्मलेले सर पर्सिव्हल डेव्हिड हे तर या क्षेत्रातले सर्वश्रेष्ठ म्हटले पाहिजेत. त्यांची सुमारे सतराशे भांडी २००९ पासून लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये मांडलेली आहेत. त्यांत दोन उंच फुलदाण्या आहेत, निळ्या ड्रॅगनच्या. एका भाविकाने १३५१ साली देवळाला वाहिल्या, असे त्यांच्या गळ्यावरच लिहिले आहे. ती जोडी फुटली होती. डेव्हिडनी एक एका संग्रहातून आणि दुसरी दुसऱ्यातून मिळवून ती पुन्हा एकत्र आणली. त्या ड्रॅगनना नखे चारच आहेत. देणारा साधा गृहस्थ होता आणि आपली पायरी ओळखून होता. परंतु तारखेमुळे आज त्याच्या भेटीला जे मोल आहे, ते कित्येक पाच नखांच्या भांड्यांना नाही.

आता तो रुमालाखालचा वाडगा.

काही वर्षांपूर्वी एका दुकानात आम्हांला तो दिसला. दुकान कोणते ते विचारू नये. पिवळे धमक अंग, दोन हिरवे ड्रॅगन, पाच-पाच नखे, बुडाशी कांगशी कारकीर्दीची सहा निळी अक्षरे. दुकानदाराने आवाज खाली आणून सांगितले की हा एका जुन्या घराण्यातून आला आहे. आम्ही नखे मोजली, अक्षरे वाचली, आणि आमची सारी विद्वत्ता आमच्याच विरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली. घरात छपराच्या दुरुस्तीसाठी काढून ठेवलेली रक्कम होती, ती दिली. त्या पावसाळ्यात आमच्या घरी माजघरात दोन बादल्या आणि एक परात मांडून ठेवावी लागली. मंडळी काही बोलल्या नाहीत, हे अधिक वाईट.

पुढे संग्रहालयातल्या एका जाणत्या गृहस्थांना आम्ही तो मोठ्या दिमाखाने दाखवला. त्यांनी ड्रॅगनकडे पाहिलेच नाही. वाडगा पालथा केला, बुडाच्या कड्यावरून अंगठा फिरवला, भिंग लावले आणि एवढेच म्हणाले, "रेघा सारख्या खोल आहेत हो." आम्ही पाहिले. खरेच, साच्यातून उठवल्यासारख्या सगळ्या रेघा एका मापाच्या. वापराने पडलेले म्हणून जे ओरखडे आम्ही कौतुकाने पाहत होतो, ते सारे एकाच दिशेने गेलेले होते. जेवणाचा चमचा असा शिस्तीत फिरत नाही. झिलईची चकाकी आम्लाने मारलेली. बुडाच्या कड्यावर झिलई नसते, तेथे उघडी माती असावी, ती चहाच्या पाण्याने रंगवलेली. आणि कारकीर्दीची अक्षरे? ती कोणीही लिहू शकतो. खुद्द कांगशीच्या काळात कारागीर दोनशे वर्षांपूर्वीच्या बादशहांची नावे आपल्या भांड्यांवर घालीत, फसवण्यासाठी नव्हे, त्या जुन्या कामाचा मान म्हणून. १६७७ साली तर तेथल्या अधिकाऱ्याने चालू बादशहाचे नाव घालण्यास मनाई केली होती, कारण भांडे फुटले की नाव उकिरड्यावर जाणार.

शहाणी माणसे फसत नाहीत असे कोणाला वाटत असेल तर १ ऑक्टोबर २०२२ ची गोष्ट सांगतो. फ्रान्समध्ये फाँतेनब्लो येथे एक निळी ड्रॅगनची फुलदाणी लिलावाला निघाली. तज्ज्ञाने ती विसाव्या शतकातली ठरवून दीड ते दोन हजार युरो अंदाज लावला. बोली चढत चढत सत्याहत्तर लाख युरोवर गेली, कारण बोली लावणाऱ्यांना ती अठराव्या शतकातली वाटली. तज्ज्ञ आपल्या मतावर ठाम राहिला. 

आमची गोष्ट याहून लहान, पण तिच्यात एक सल आहे आणि तो आम्ही येथे लपवत नाही. वाडगा खोटा ठरला तेव्हा आम्ही तीन दिवस जेवलो नाही म्हणा, इतके खट्टू झालो. चौथ्या दिवशी मनात आले की तो खरा असता तर? कोणत्या तरी राणीच्या ताटातला, तर तो कोणाच्या झोळीतून, कोणत्या जळत्या महालातून आमच्या फडताळात आला असता? दुकानदाराला आम्ही काळ विचारला, किंमत विचारली. राजवाड्यातून तो बाहेर कसा आला हे विचारले नाही. ते विचारायचे सुचलेच नाही, कारण उत्तर गैरसोयीचे आले तर वाडगा ठेवून उठावे लागले असते, आणि आम्हांला तो हवा होता. पाचवे नख घासून काढणारा तो अनामिक गृहस्थ आणि आम्ही, जातीने एकच.

तेव्हापासून आमच्या संग्रहाची तऱ्हा बदलली. पाच नखे दिसली की आम्ही आधी कागद मागतो. कोणाकडून कोणाकडे, कोणत्या साली. कागद नसेल तर नमस्कार करून उठतो. आपल्याकडे शंभर वर्षांवरची कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर १९७२ च्या कायद्याने बंधने आहेत, आणि आपल्या मूर्ती चोरीला गेल्या म्हणजे आपण किती कळवळतो हे सर्वांना ठाऊक आहे. बाकी आम्ही आता गोळा करतो ती साधी भांडी. कँटनच्या बशा, तीन नखांचे गावठी ड्रॅगन, तडा गेलेला एक निळा पेला. तड्यातून आतली माती दिसते, म्हणून तो आम्हांला अखंड पेल्याहून प्रिय आहे. घरातल्या मंडळींना हा बदल पसंत आहे, विशेषतः छप्पर दुरुस्त झाल्यापासून.

ज्यांना या छंदाची गोडी लागेल त्यांनी विकत घेण्याची घाई करू नये. संग्रहालयात जाऊन एकाच कपाटापुढे तास-दोन तास उभे राहावे. खऱ्या पिवळ्याची आणि खऱ्या हिरव्याची नजरेला सवय होऊ द्यावी. हाती घ्यायला मिळाले तर चित्र शेवटी पाहावे, बूड आधी.

वेळ झाल्याची चिठ्ठी अध्यक्षांनी मघाशीच सरकवली आहे. रुमाल काढतो. पुढच्या रांगेपासून हा वाडगा फिरू द्या, मुलांच्याही हाती द्या, आणि पालथा करून पाहा. दोन्ही हातांनी धरा मात्र. खोटा असला तरी फुटतो.